तो ढावलो नव्हता

रडता रडता मी मान वर केली आणि मला लाल दिवा दिसला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा. विजयच्या हातात पुण्याहून आणलेला लहानसा टेप होता आणि तो सुरू होता. अंगणात त्याचा बाप आडवा होता, बाया मला दोन्ही खांद्यांना धरून बसल्या होत्या, माणसं बांबू तोडून आणत होती, आणि माझा एकुलता एक मुलगा बापाच्या पायाशी उभा राहून माझं रडणं भरून घेत होता.

मी थांबले नाही. त्या वेळी थांबता येत नाही. आज इतक्या वर्षांनी मला नवऱ्याचा त्या दिवशीचा चेहरा नीट आठवत नाही. तो दिवा आठवतो.

ते रडणं पुढं एका रॉक बॅन्डच्या पहिल्या अल्बमच्या पहिल्या गाण्यात वाजलं. अल्बम गाजला. मी रडताना काय बोलले ते तांड्याला कळलं, पुण्याला कळलं नाही. आता तो अल्बम पुन्हा निघतोय आणि माझ्या बोलण्याचा खरा अर्थ छापायचा की नाही, हे मला विचारलं गेलं. म्हणून हे लिहिते. तांड्यावर राहिलेल्यांसाठी लिहिते आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांसाठीही. मी चौथी शिकले आहे. सजवून लिहिता येत नाही.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजीच्या पुढं आहे. माझे आजे-पणजे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरायचे, आम्ही तीन एकरांत कापूस लावत होतो. ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडात अळी निघायची, औषध मारावं तर अळी मरायची नाही, म्हणून दुकानदार दोन औषधं मिसळून मारायला सांगायचा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं झाड, डोक्याच्या वर गेलेली. पाठीवर पंप घेऊन माणूस तासात, म्हणजे दोन ओळींच्या मधल्या पट्टीत, शिरला की नुसती नळी दिसायची आणि वरून त्याच्याच तोंडावर तुषार पडायचे. विजयच्या बापानं एका दिवसात तेरा पंप मारले. चार वाजता शेताच्या धुऱ्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मले अंधुक दिसून राह्यलं." मग ओकारी, मग तोंडाला फेस. जीपमध्ये टाकलं. यवतमाळ यायच्या आधीच तो गेला. जीव दिला नाही त्यानं. फवारताना मेला. हे मी पुण्यात इतक्यांदा सांगितलंय की आता जिभेला घट्टे पडलेत.

आमच्यात बाई रडते म्हणजे बोलते. पोरगी सासरी निघाली की ती सुरात रडते, त्याला ढावलो म्हणतात. त्याचे बोल ठरलेले असतात, लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बाया पोरीला शिकवतात. मयतीचं रडणं कोणी शिकवत नाही. त्यात जे घडलं ते सांगायचं असतं. कसा गेला, कधी गेला, कोण जवळ होतं, कोणाचं चुकलं. पोलिसांच्या पंचनाम्याच्या आधी आमच्याकडं बाई पंचनामा करते, तोही सुरात. माझी याडी, म्हणजे आई, म्हणायची, "रडायचं तर खरं रड, नाही तर चूप बस." मी खरं रडले. त्यात मी एक नाव घेतलं होतं. सगळ्या तांड्यानं ऐकलं आणि कोणी काही म्हटलं नाही, कारण मयतीत बाईनं बोललेलं मयतीतच ठेवतात. ते बाहेर न्यायचं नसतं.

विजय ते पुण्याला घेऊन गेला.

पुढल्या होळीनंतर मीही गेले. शेत दिराला बटईनं दिलं, दोन शेळ्या जावेला दिल्या. आरशांची काचळी आणि घेरदार घागरा गाठोड्यात बांधला आणि साडी नेसले, कारण विजय म्हणाला होता की सोसायटीत लोक बघत बसतात. बसमध्ये चढताना कोणी ढावलो गायला नाही. म्हातारीनं घर सोडलं तर तिला कसलं रडणं असतं? तिला पाय असतात, ती चढते.

पुण्यात धायरीला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. लिफ्ट, मिक्सर, गॅलरीत कपडे वाळवायच्या दोऱ्या. पाणी सकाळी एक तास. तांड्यावर मी विहिरीवरून पाणी आणायची, इथं नळाची वाट पाहत बसायची. एवढाच फरक म्हणा. बाया बऱ्या होत्या. पण मी यवतमाळची आणि विधवा असं कळलं की आवाज उतरवून विचारायच्या, "मावशी, मिस्टरांनी... म्हणजे... शेतीमुळेच ना?" मी सांगायची, नाही, औषध मारताना लागलं. तर त्यांचा चेहरा पडायचा. पेपरात वाचलेली बाई समोर आली असं त्यांना वाटलेलं असायचं आणि मी ती निघायची नाही.

अल्बम त्याच वर्षी आला. नाव "फरदड". कापसाचे वेचे संपले तरी पऱ्हाटी उपटायची नाही, पाणी देऊन आणखी थोडा कापूस काढायचा, ती फरदड. कापूस हलका निघतो आणि अळीला पुढल्या सालापर्यंत घर मिळतं. बॅन्डमध्ये विजय धरून चार पोरं होती. त्यातल्या तिघांनी फरदड पाहिली नव्हती. नाव मात्र त्यांना फार आवडलं होतं.

लोकांनी अल्बम डोक्यावर घेतला. पेपरात फोटो आले. कॉलेजची पोरं विजयला रस्त्यात थांबवायची. कॅसेटच्या आत घडीचा कागद होता, त्यावर पहिल्या गाण्याखाली लिहिलं होतं: पारंपरिक ढावलो, बंजारा नवरीचं विदाईगीत. खाली मराठीत अर्थ होता. अंगण सुटलं, उंबरा सुटला, माय मला परतून बोलावशील का, असं काहीतरी. मी तो कागद वाचला तेव्हा विजय समोर जेवत होता. त्यानं मान खालीच ठेवली. मी कागद घडी करून परत कॅसेटमध्ये घातला. का बोलले नाही? बोलले असते तर ते नाव पुन्हा घ्यावं लागलं असतं.

एकदा मला कार्यक्रमाला नेलं. मोठं मैदान, हजारभर पोरं-पोरी. दिवे गेले आणि माझा आवाज आला, भोंग्यातून, गावजेवणाच्या वेळी बोलावणं करतात तसा मोठा. सगळी पोरं चूप. मग ड्रम वाजला आणि सगळी एकदम उड्या मारायला लागली. गाणारा निखिल माइकवर ओरडला, "हा आमच्या विजयच्या आईचा आवाज आहे! त्याच्या बापानं कापसापायी जीव दिला!" मी बाजूला बसलेल्या पोरीला म्हटलं, नाही दिला. तिला ऐकू आलं नाही. माझ्या नवऱ्याच्या मयतीवर हजार माणसं नाचताना मी पाहिली आहेत. हे भाग्य तांड्यावर कोणाला लाभलं नाही.

कॅसेट तांड्यावरही पोचली. पुतण्याच्या लग्नाला मी गेले तर मांडवाच्या तोंडाशीच जाऊ उभी होती, चंद्री. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आम्ही दोघींनी वीस वर्षं एका तासात कापूस वेचलेला.

"या, या," ती म्हणाली, "कॅसेटवाली बाई आली. सरा व, जागा द्या तिले."

बाया हसल्या. मी म्हटलं, "चंद्री, पाणी तरी दे आधी."

"पाणी कायले? पुण्याचं बाटलीतलं पेता म्हणे तुम्ही. आमच्या मयतीतलं रडणं इकलं त, आता लग्नातलं हासणं भरून ने. टेप आणला का नाही?"

"मी नाही इकलं."

"मंग कोणं इकलं?"

याचं उत्तर देता आलं असतं, पण मग भर मांडवात पोटच्या पोराला चोर म्हणावं लागलं असतं. मी जेवले, आहेर दिला आणि दुसऱ्या दिवशी निघाले. त्यानंतर तांड्यावर गेले नाही. चंद्री, तुला वाटलं मी तोऱ्यात येत नाही. तोरा नव्हता. तुझ्या प्रश्नाला भीत होते.

दिवस गेले. बॅन्डनं आणखी दोन अल्बम काढले, ते कोणी ऐकले नाहीत. पोरं पांगली. निखिल परदेशी गेला. विजय जाहिरातींना आवाज लावायच्या हापिसात लागला. साबण, तेल, मोबाइल. पोट सुटलं, केस गेले, लग्न झालं. सून चांगली आहे, पण तिनं माझी काचळी काचेच्या चौकटीत घालून हॉलमध्ये लावली. अंगावरची चोळी पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर. मी म्हटलं, बाई, तुझा ब्लाउजही लाव शेजारी. ती हसली. काचळी तिथंच आहे.

आणि यंदा कोणालातरी आठवलं की "फरदड"ला बरीच वर्षं झाली. आता त्याची काळी तबकडी काढायची, जाडसर पुस्तक जोडायचं, त्यात लोकांनी लिहायचं की हा अल्बम आजही टिकतो का. लिहायला एक पोरगी आली, रेणुका. महागावकडच्या तांड्यातली, पुण्यात शिकून गाण्यांवर लिहिते. केस कापलेले, पॅन्ट घातलेली. दारात वाकून पाया पडली आणि गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, बोलली. माझ्या घरात विजय सोडून कोणी ती बोलत नाही, आणि विजयही अलीकडं नाही. आमचं बोलणं इथं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना समजेल.

"याडी, तुमाले काय वाटते, टिकते का हा अल्बम?"

"टिकायले ते काय लोणचं आहे?"

"सांगा नं. तुमी त सुरुवातीपासून ऐकला असन."

मी तिला खरं सांगितलं. मी तो पूर्ण कधीच ऐकला नव्हता. घरात लागला की मी गॅलरीत जायची आणि ड्रम वाजला की परत यायची. ती म्हणाली, मग आज ऐका. तिनं माझ्या कानांना हेडफोन लावले. मी म्हटलं, पहिलं सोडून लाव. तिनं दुसऱ्यापासून लावलं.

ऐकलं. सात गाणी, एकही सोडलं नाही. लोकांना वाईट वाटेल, पण विचारलंय म्हणून सांगते. अर्धा अल्बम गेलाय. दुसऱ्या गाण्यात निखिल पांढरं सोनं, पांढरं सोनं म्हणून ओरडतो. तांड्यावर कापसाला पांढरं सोनं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, ते भाषणात म्हणतात. चौथं गाणं आईवर आहे. आईच्या हातांना कापसाचा वास येतो म्हणे. कापसाला वास नसतो. सरकीला असतो, औषधाला असतो, आणि माझ्या हातांना त्या दिवसांत औषधाचाच यायचा. पाचव्यात नुसती गिटार आहे, फार लांब, आपल्याला किती वाजवता येतं ते दाखवणारी. पोरगं नवीन सायकल घेऊन तांड्याला फेऱ्या मारतं तशी. पण ड्रमवाला मुलगा आजही खरा आहे. तो कोणाला काही पटवायला जात नाही, नेमका वाजवतो. आणि सहावं गाणं चांगलं आहे. बाजारात कापसाची गाडी घेऊन तीन दिवस रांगेत थांबलेल्या माणसाचं. विजयनं लिहिलं आणि विजयच गायलाय, बेसूर. तो लहानपणी बापाबरोबर गाडीखाली झोपला होता, ते त्याला ठाऊक होतं. जे ठाऊक होतं तेवढं टिकलं, बाकीचं नाही टिकलं.

रेणुकानं सगळं लिहून घेतलं. मग वही मिटली.

"याडी, आता पहिल्याचं. तो ढावलो नाही."

मी हेडफोनची वायर गुंडाळायला लागले.

"मी पंधरा वर्षांची होती तवा पयल्यांदा ऐकला. होस्टेलवर. पोरी नाचून राह्यल्या होत्या अन् मी रडत बसली. सांगू कोणाले? सगळे म्हणत, किती सुंदर विदाईगीत आहे. याडी, त्यात तुमी विजयभाऊचं नाव घेतलं आहे. आता पुस्तकात अर्थ छापून राह्यले. जुनाच छापायचा का खरा?"

"त्याले इचारलं का?"

"इचारलं. ते म्हणे, याडीले इचार. ती म्हणन तसं कर."

तेव्हा मला राग आला. इतक्या वर्षांत आला नव्हता असा. पुन्हा आपलं ओझं दुसऱ्याच्या पाठीवर.

आता सांगते. त्या दिवशी फवारायची पाळी विजयची होती. एक दिवस बाप, एक दिवस लेक, असं त्या आठवड्यात ठरलं होतं. पुण्याला पंधरा दिवसांनी त्याचं रेकॉर्डिंग होतं. औषधानं बोटांच्या शेंड्यांची कातडी निघते आणि मग गिटारची तार दाबता येत नाही. तो सकाळी हात पाहत बसला. बापानंच म्हटलं, "राहू दे, पोराचे बोटं खराब होतीन. मी मारतो." विजयनं नाही म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं नाही. लागोपाठ दुसऱ्या दिवशी पंप उचलायचा नसतो, हे आम्हा तिघांना माहीत होतं. विजय घरी खाटेवर गिटार घेऊन बसला आणि मी विहिरीचं पाणी डोक्यावर वाहून पंपात ओतत राहिले.

मयतीत मी म्हटलं ते हे:

उठ, पंप विजयच्या पाळीचा होता.
तू काहून उचलला?
त्याची बोटं वाचली, तू गेला.
पाणी मी आणलं, बाई, पाणी मी आणून दिलं.

यात उंबरा नाही, अंगण नाही, माय नाही.

संध्याकाळी विजय हापिसातून आला. रेणुका होतीच. मी त्याला बूट काढू दिले, पाणी दिलं आणि टेबलावर कागद-पेन ठेवला.

"लिही," मी म्हटलं. "अर्थ तू लिहिलता, आता खरा तूच लिही. तुह्या हातानं."

त्यानं पेन उचलून परत ठेवलं. मग म्हणाला, "याडी, तुले काय वाटते, मी काहून टाकलं ते पयल्या गाण्यात? मले वाटलं, आपल्या बोलीतलं कोणीतरी ऐकन अन् येऊन माह्या तोंडात मारन. कोणी नाही आलं. सगळे हात मिळवाले आले."

"मंग ढावलो काहून लिहिलं?"

"भ्यालो."

रेणुका खिडकीकडं पाहत होती. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला हे काहीच माहीत नव्हतं. विजय खरं बोलत असेल. माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण मारून घ्यायचं होतं तर मी याच घरात होते. मला कोणी कधी विचारलं नाही.

"लिही," मी पुन्हा म्हटलं.

त्यानं लिहिलं. मी चष्मा लावून वाचलं. पहिल्या ओळीत त्यानं लिहिलं होतं, पंप मुलाच्या पाळीचा होता.

"मुलाच्या नाही. नाव घाल."

"याडी, लोक वाचतीन."

"वाचू दे. चंद्रीलेही एक पुस्तक धाड. अन् शेवटची ओळ खाल्ली तू. पाण्याची."

"ती तुह्यासाठी सोडली."

"माह्यासाठी काही सोडू नको. मी म्हटलं ते सगळं लिही."

त्यानं मुलाच्या हा शब्द खोडून स्वतःचं नाव लिहिलं, मग खाली पाण्याची ओळ लिहिली. ढावलो या शब्दावर आडवी रेघ मारली आणि कागद रेणुकाला दिला. तिनं तो वहीत ठेवला आणि न जेवता गेली. पुस्तक छापायला गेलंय.

लोक विचारतात, मावशी, गावाची आठवण येते का, घर कुठलं वाटतं, तिकडचं की इकडचं? तिकडच्या घरात मी ते नाव घेतलं आणि इकडच्या घरात ते इतकी वर्षं झाकून राहिले. दोन्ही माझीच घरं आहेत. दोन्हींपैकी एकाचंही मला कौतुक नाही.

त्या दिवशी फवारायला विजय जाणार होता. त्याचा बाप गेला. बाप मेला. विजय जगला, आणि पाणी आणून देणारी मीही जगले.